मुंबईची गिन्नी, अमेरिकेचा डॉलर आणि आजीच्या माळेतली कडी

(देवनार येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आत येताना एक गृहस्थ बाहेरचा फलक वाचत उभे होते. "अमेरिकेची सोन्याची नाणी आणि त्यांचे संग्राहक." त्यांनी मला विचारलं, "विकायला आणलीत का?" मी म्हटलं, नाही हो, नुसतं बोलणार आहे. ते गेले. (हशा) जे बसलेत त्यांना आधीच सांगून टाकतो, माझ्या खिशात आज एकच सोन्याचं नाणं आहे, ते अमेरिकेचं नाही, आणि त्याची विक्रीची किंमत मी स्वतःच्या हातानं घालवलेली आहे. ती गोष्ट येईलच.

विषय अमेरिकेचा दिलाय, पण मी सुरुवात फोर्टातून करणार. गोवंडीहून हार्बर लाईन पकडली की सीएसएमटी. तिथून चालत टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या त्या पायऱ्या, आणि त्याच्या शेजारी, रिझर्व्ह बँकेच्या समोर, खांबांची जुनी इमारत. टाकसाळ. १८२० च्या दशकात बांधायला घेतलेली. आपण तिच्यावरून शेकडो वेळा गेलो असू, पण १९१८ साली तिथे इंग्लंडच्या राजाची सोन्याची नाणी पाडली जात होती हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘सॉव्हरिन’ म्हणतात त्याला. आपल्याकडे गिन्नी. खरं तर गिनी हे इंग्लंडचं वेगळं, जुनं नाणं, पण नाव आपल्या तोंडात बसलं ते बसलं. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याला मारणारा संत जॉर्ज.

आता ही गिन्नी लंडनमध्ये पाडली तर तिच्यावर टाकसाळीची खूण नसते. सिडनीची असेल तर एस, मेलबर्नची एम, पर्थची पी. मुंबईची असेल तर आय, इंडियाचा आय. घोड्याच्या पायाखाली जमिनीची रेघ आहे, तिच्यावर अगदी बारीक, सालाच्या वर. भिंगाशिवाय साठीनंतर दिसत नाही, मला तरी दिसत नाही. सगळ्यांवर साल एकच, १९१८. कारण मुंबईत रॉयल मिंटची ही शाखा चालली जेमतेम आठ महिने. १९१८ च्या ऑगस्टात काम सुरू झालं, १९१९ च्या एप्रिलमध्ये बंद. तेवढ्यात साधारण १३ लाख गिन्न्या पाडल्या.

आठ महिन्यांसाठी हा उपद्व्याप का केला, त्याचं उत्तर अमेरिकेत आहे. म्हणून आजचा विषय.

जरा मागे जाऊ. १८९९ च्या कायद्यानं गिन्नी आपल्याकडे कायदेशीर चलन झाली, एक गिन्नी म्हणजे १५ रुपये. त्याआधी फाउलर समितीनं शिफारस केली होती की गिन्नी भारतातच पाडावी. कोलारच्या खाणीत सोनं निघत होतं, मुंबईत टाकसाळ होती, मग अडचण काय? लंडनच्या अर्थखात्यानं इतके नियम आणि इतक्या शंका काढल्या की दोन-तीन वर्षं पत्रव्यवहारात गेली, तोवर खाणवाल्यांनी आपलं सोनं लंडनला विकायची व्यवस्था करून टाकली. १९०३ च्या सुमारास योजना बासनात. १९१२ मध्ये आपल्या मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कौन्सिलात ठराव मांडला की भारतात सोन्याचं नाणं पाडू द्या. तरी नाही. लंडनचं म्हणणं असं की हिंदुस्थानी माणसाच्या हातात सोनं दिलं की ते चलनात राहत नाही, ते मडक्यात जातं किंवा बायकोच्या गळ्यात जातं. केन्सनंही १९१३ च्या आपल्या पुस्तकात साधारण हीच बाजू घेतली, की सोनं हातोहाती फिरवणं ही भारतासारख्या देशाला न परवडणारी चैन आहे.

ह्याला उत्तर देणारा माणूसही आपलाच. डॉ. आंबेडकर. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, १९२३. आपण बाबासाहेबांचं नाव घटनेशी जोडतो, चवदार तळ्याशी जोडतो, पण चलनाच्या प्रश्नावर ते केन्सशी थेट भिडले होते. पुढे रॉयल कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी जे उपाय सांगितले त्यात एक होता की रुपया पाडणं पूर्ण बंद करा, आणि दुसरा, सोन्याची टाकसाळ उघडा. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, मी त्यातला अधिकारी माणूस नाही.

तर वीस वर्षं जी परवानगी मिळाली नाही ती १९१८ मध्ये झटक्यात मिळाली. युद्ध. इंग्लंड आपल्याकडून गहू, ताग, कातडी, कापड, सगळं उचलत होतं आणि त्याचे पैसे इथे रुपयात चुकते करायचे होते. रुपया चांदीचा. चांदी मिळेना. लंडनमध्ये चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या वर गेला की रुपयातली चांदीच एका रुपयापेक्षा महाग होते, आणि १९१७ मध्ये तो भाव त्याच्या कितीतरी वर गेला. मग लोक काय करणार? रुपये वितळवणार. सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली, जानेवारीत अडीच रुपयांची काढली. अडीच रुपयांची नोट! आज ती संग्राहकांची लाडकी आहे, तेव्हा लोक तिच्याकडे संशयानं बघायचे. नोटेवर लिहिलेलं असायचं की मागाल तेव्हा रुपये देऊ. १९१८ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये जर्मनांनी मुसंडी मारली, बातमी इथे आली, आणि लोक खरोखरच मागायला गेले. मुंबईच्या करन्सी ऑफिसवर झुंबड. जूनच्या सुरुवातीला सरकारच्या तिजोरीत चार कोटींच्या आसपास चांदीचे रुपये उरले. सगळ्या देशाला. आणखी थोडे दिवस तसेच गेले असते तर नोट म्हणजे कागद, हे जाहीर करावं लागलं असतं, तेही युद्धाच्या मध्यावर.

तेव्हा मदतीला आली अमेरिका. २३ एप्रिल १९१८ ला तिथे पिटमन कायदा झाला. अमेरिकेच्या तिजोरीत चांदीचे डॉलर पोत्यांनी पडून होते, ज्यांना आज ‘मॉर्गन डॉलर’ म्हणतात. त्यातले २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यांतली बहुतेक चांदी, साधारण २० कोटी औंस, इंग्लंडच्या मार्फत भारताला विकली. जुलैपासून ती इथे यायला लागली आणि तिचे रुपये पडायला लागले. तुमच्याकडे घरात १९१८ चा, १९१९ चा राजा पंचम जॉर्जचा रुपया असेल, देव्हाऱ्यात असतो बऱ्याच जणांकडे लक्ष्मीपूजनासाठी, तर त्यात कदाचित वितळलेला अमेरिकन डॉलर आहे. आणि अमेरिकेतला संग्राहक जेव्हा कुरकुरतो की अमुक सालचा डॉलर इतके लाख पाडले असूनही मिळत नाही, तेव्हा त्याच्या कुरकुरीचं एक कारण मुंबईच्या करन्सी ऑफिसबाहेरची ती रांग आहे.

पण चांदी येईपर्यंत काय? तर सोनं. १९१७ च्या जूनपासून सरकारनं वटहुकूम काढून बाहेरून येणारं सगळं सोनं स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली होती. त्याची नाणी पाडायची ठरली. लंडनची व्यवस्था होऊन गिन्नी पडायला वेळ लागणार, म्हणून त्याआधी मुंबईनं स्वतःचंच नाणं पाडलं, १५ रुपयांची मोहर. वजन गिन्नीएवढंच, सोनं तेवढंच, पण चेहरामोहरा आपल्या रुपयाचा. मुकुट घातलेला राजा, त्याच्या झग्यावर तो प्रसिद्ध हत्ती. हा हत्ती म्हणजे १९११ च्या रुपयावर लोकांना डुक्कर वाटला होता, बोभाटा झाला, ते रुपये मागे घेऊन १९१२ पासून हत्तीची सोंड नीट करावी लागली. तर मोहरेवर सुधारलेला हत्ती आहे. अशा मोहरा पाडल्या २१ लाख.

आता इथे थांबून एक प्रश्न. मोहरा २१ लाख, गिन्न्या १३ लाख. आज बाजारात महाग कोण असायला हवं? गिन्नी, कारण ती कमी. प्रत्यक्षात उलटं आहे. मुंबईची गिन्नी सोन्याच्या भावाला थोडं वर घालून मिळते, मोहरेला संग्राहक त्याच्या वर बरंच मोजतात. माझ्या समजुतीप्रमाणे कारण सरळ आहे. गिन्नी जगात कुठेही गिन्नीच होती, बाहेर गेली, कुठल्या तरी बँकेच्या तळघरात पडून राहिली आणि वाचली. मोहर पंधरा रुपयांची, ती ह्या देशाबाहेर जाऊन काय करणार? ती इथेच राहिली, म्हणजे सोनाराच्या मुशीपासून दोन पावलांवर.

आणि मंडळी, किती नाणी पाडली ह्याला फारसा अर्थ नसतो, वितळवण्याचा हुकूम आला तेव्हा नाणं कुठे होतं ह्याला अर्थ असतो, हे ज्या नाण्यांवरून जगाला कळलं ती अमेरिकेची. आता फलकावरच्या विषयाकडे येतो.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. त्याला आपल्या देशाची नाणी कुरूप वाटायची. प्राचीन ग्रीक नाण्यांसारखा उठाव हवा असं त्याच्या मनात होतं. त्यानं ऑगस्टस सेंट-गॉडन्स ह्या शिल्पकाराला गाठलं. त्यानं वीस डॉलरचं नाणं केलं, ‘डबल ईगल’. ३४ मिलिमीटर रुंद, ३३.४ ग्रॅम वजन, जवळजवळ तीन तोळे. मशाल घेऊन समोरून चालत येणारी स्वातंत्र्यदेवता, पाठीमागे सूर्याचे किरण, उलट बाजूला उडता गरुड. बघण्यासारखं नाणं आहे, ह्यात वाद नाही. पण १९०७ च्या पहिल्या नाण्यांना इतका उठाव होता की एकाच नाण्यावर छाप्याचे अनेक ठोके मारावे लागत. बारा हजारांच्या आसपास पाडली आणि टाकसाळीनं हात टेकले. बँकवाले म्हणाले, एकावर एक रचता येत नाहीत. मग उठाव कमी केला. सेंट-गॉडन्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला, त्यानं हे काही पाहिलं नाही. पुढच्या वर्षी अडीच आणि पाच डॉलरच्या नाण्यांवर चित्र उठावाऐवजी आत खोल कोरलं, तर तक्रार आली की खोलगट भागात मळ साचून रोगजंतू पसरतील. त्या नाण्यांना ‘इंडियन हेड’ म्हणतात. आपला काही संबंध नाही, कोलंबसाच्या चुकीतून आलेले इंडियन.

ही डबल ईगल १९३३ पर्यंत पडत राहिली. आणि तिचा संग्रह करणारे ज्या एका गोष्टीच्या मागे वेडे असतात ती म्हणजे ग्रेड. शेल्डन नावाच्या माणसानं १९४९ मध्ये १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. ६० च्या पुढे म्हणजे नाणं चलनात फिरलेलंच नाही. ६५ म्हणजे जवळजवळ टाकसाळीतून आत्ता निघाल्यासारखं. १९८६-८७ पासून तिथे खासगी कंपन्या नाणं तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देतात. ६४ आणि ६६ मध्ये तुम्हा-आम्हाला फरक दिसणार नाही. एका बारीक ओरखड्याचा फरक, तोही देवतेच्या गुडघ्यावर आहे की मोकळ्या जागेत ह्यावर अवलंबून. किमतीत मात्र फरक काही पटींचा असू शकतो.

शंभर वर्षांपूर्वीचं सोन्याचं नाणं इतकं कोरं कसं राहिलं? सोनं मऊ असतं, हाताळलं की झिजतं. तर ही नाणी कुणी हाताळलीच नाहीत. वीस डॉलर ही तेव्हा मोठी रक्कम, बाजारात कोण काढणार? ही नाणी पोत्यात घालून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत, एका देशातून दुसऱ्या देशात जायची, आंतरराष्ट्रीय देणी फेडायला. त्यांच्यावर जे ओरखडे आहेत ते माणसाच्या बोटांचे नाहीत, पोत्यात एकमेकांवर आपटल्याचे आहेत. संग्राहक त्याला ‘बॅग मार्क’ म्हणतात.

मग १९३३ आलं. दुसरा रूझवेल्ट, फ्रँकलिन. ५ एप्रिलला हुकूम निघाला की सोन्याची नाणी सरकारजमा करा. जमा झालेली नाणी पुढे वितळवून विटा केल्या. जी पोती युरोपातल्या बँकांत होती ती वाचली आणि काही दशकांनंतर परत यायला लागली. म्हणून १९२४ चं डबल ईगल ४३ लाखांवर पाडलेलं, आजही उत्तम ग्रेडमध्ये ढिगानं मिळतं. आणि १९२७ चं डेन्व्हरच्या टाकसाळीचं, एक लाख ऐंशी हजार पाडलेलं, आज डझन-दीड डझनच माहीत आहेत, कारण ते देशाबाहेर गेलं नव्हतं. १९३३ चं तर पाडलं साडेचार लाखांच्या घरात, पण चलनात सोडलंच नाही. खासगी मालकीत कायदेशीर असं त्याचं एकच नाणं आहे, पूर्वी इजिप्तच्या फारूक राजाच्या संग्रहातलं मानलं जाणारं. २०२१ मध्ये ते १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं.

१९२७ चा विषय निघाला म्हणून. त्याच वर्षीच्या चलन कायद्यानं गिन्नी आपल्याकडे कायदेशीर चलन राहिली नाही. आणि आपल्या देवनारचं डम्पिंग ग्राउंड सुरू झालं तेही १९२७ मध्येच. संबंध काही नाही, पण सोन्याच्या माणसांना असे योगायोग जुळवायची खोड असते. (हशा)

अमेरिकेच्या त्या हुकुमात एक ओळ मात्र नीट लक्षात ठेवा. माणशी शंभर डॉलरपर्यंतचं सोनं ठेवायला मुभा होती, आणि दुर्मीळ नाणी जमवणाऱ्यांना ज्यांची खास किंमत वाटते अशा नाण्यांना सूट होती. देश मंदीत बुडालेला, बँका बंद पडलेल्या, तरी कुणीतरी संग्राहकाची आठवण ठेवली.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे वितळणं एका हुकुमानं झालं नाही, तीन-चार हप्त्यांत झालं. पहिला हप्ता १९३१ नंतरचा. इंग्लंडनं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, इथे सोन्याचा भाव वीस-एकवीस रुपये तोळ्यावरून चढत तीसच्या वर गेला, आणि दुसरीकडे शेतमालाचे भाव कोसळलेले. सारा भरायचा, सावकाराचं व्याज द्यायचं. खेड्यापाड्यातून सोनं निघालं, झवेरी बाजारात आलं, वितळून लगडी झाल्या आणि मुंबई बंदरातून जहाजांनी लंडनला गेलं. वर्षानुवर्षं. किती मोहरा, किती पुतळ्या त्यात गेल्या ह्याची कुणी नोंद ठेवलेली नाही, मुशीत गेल्यावर मोहर आणि बांगडी सारखीच. पुतळ्या म्हणजे आपली पुतळ्यांची माळ आहे ना, ती मुळात व्हेनिसच्या डुकाटची. त्या नाण्यावर माणसांच्या आकृती होत्या म्हणून पुतळी. व्हेनिसचं राज्य १७९७ मध्ये संपलं, पुतळीची माळ अजून संपलेली नाही.

दुसरा हप्ता १९६२-६३. चीनचं युद्ध, लोकांनी देशासाठी सोनं दिलं, सरकारनं सुवर्णरोखे काढले. मग जानेवारी १९६३ मध्ये मोरारजीभाईंचं सुवर्णनियंत्रण. १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी, आणि दागिन्यांव्यतिरिक्त जे सोनं असेल ते जाहीर करा. हजारो सोनारांच्या शेगड्या विझल्या, काहींनी जीव दिले. १९६८ मध्ये त्याचा पूर्ण कायदा झाला. तो रद्द झाला १९९० मध्ये, अर्थमंत्री मधु दंडवते असताना. म्हणजे सत्तावीस वर्षं आपल्याकडे सुटं सोन्याचं नाणं घरात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. अमेरिकेत त्या काळात ग्रेडची मोजपट्टी ठरली, संग्राहकांच्या पिढ्या तयार झाल्या. इथे माणूस आपल्या आजोबांची मोहर शेजाऱ्याला दाखवायलाही घाबरायचा.

आता माझी गोष्ट.

आमच्या आजीच्या लग्नात तिला माळ घातली होती, पाच गिन्न्यांची, मध्ये मणी. लग्न १९२० च्या आसपासचं, माहेर वाईकडचं. प्रत्येक गिन्नीला वर डाख देऊन कडी बसवलेली. दोन गिन्न्या कधी गेल्या मला माहीत नाही. एक १९७२ च्या दुष्काळात गेली. एक आत्याकडे. एक आमच्याकडे राहिली, आईच्या डब्यात. १९६३ मध्ये जाहीर करायची का ह्यावर घरात खल झाला होता म्हणे. आजोबांनी निकाल दिला, कडी आहे म्हणजे दागिना आहे, जाहीर कसलं करायचं. कायद्यात ते बसत होतं की नाही, मी वकील नाही, पण आमच्या घरात ते नाणं त्या कडीनं वाचलं.

मी नाणी जमवायला लागलो ते नोकरीत स्थिर झाल्यावर. नव्वदच्या दशकात. कायदा उठलेला, बाजार मोकळा, आणि परदेशातून एका मित्रानं मला ग्रेडिंगवरचं अमेरिकन पुस्तक आणून दिलं. मी ते पोथीसारखं वाचलं. त्यात माउंट काढलेल्या, घासलेल्या, धुतलेल्या नाण्यांना ‘डॅमेज्ड’ म्हणतात, वेगळ्या खणात टाकतात. मी आईच्या डब्यातली गिन्नी काढली, भिंगाखाली धरली, आणि घोड्याखाली आय दिसला! मुंबईची गिन्नी. माझ्या डोक्यात एकच, ही कडी नसती तर. मी ती एका सोनाराकडे नेली. त्यानं कडी काढली, डाखाचा उंचवटा कानशीनं सपाट केला, आणि मी न सांगता चांगुलपणानं रिठ्याच्या पाण्यात घासून लखलखीत करून दिली. दोष त्याचा नाही. गिऱ्हाईक सोनं उजळायलाच येतं.

आईला दाखवली. तिनं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "कडी कुठंय?" मी म्हटलं, मजुरीत दिली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी घोडा बाहेर ठेवायची. राजा आत. तिला तो खंडोबा वाटायचा."

मी पुन्हा भिंग घेतलं तेव्हा मला कळलं मी काय केलं. घासायच्या आधी त्या गिन्नीवर राजाची बाजू गुळगुळीत झाली होती, घोड्याची बाजू बरीच ठसठशीत होती. मी ते पाहिलं होतं, आणि पुस्तकाच्या भाषेत त्याला असमान झीज म्हणून दोष समजलो होतो. राजाचं डोकं चाळीस-पन्नास वर्षं एका बाईच्या अंगाला घासून झिजलं होतं. घोडा लोकांनी बघितला होता. आता दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत आहेत. आज इथे आणलंय ते हेच नाणं. संग्राहकाला ते नको, कारण काठाला कानशीची खूण आहे आणि झळाळी खोटी आहे. दागिना म्हणूनही घालता येत नाही. सोन्याच्या भावानं कुणीही घेईल.

म्हणून मी आमच्या मंडळींशी जरा भांडत असतो. ग्रेडची मोजपट्टी वाईट नाही, फसवणूक टाळायला ती उपयोगी आहे, गिन्नीच्या नकला पन्नासच्या दशकात बेरूत-इटलीकडे चिक्कार झाल्या, त्या ओळखायला कोरं नाणं कसं असतं हे माहीत असावंच लागतं. माझा आक्षेप एवढाच की ती मोजपट्टी पोत्यात राहिलेल्या नाण्यांवरून तयार झाली. आपली नाणी पोत्यात नव्हती. १९१२ मध्ये लंडनवाले जे तुच्छतेनं म्हणत होते की हिंदुस्थानी बायकांच्या गळ्यात सोनं जातं, ते खरंच होतं, आणि त्या गळ्यांची नोंद फक्त ह्या झिजेत, ह्या डाखात आहे. कडी कशी बसवली, डाख कुठल्या बाजूनं दिला, कुठली बाजू झिजली, ह्याचे फोटो काढून कुणी नीट संग्रह केला, पन्नास-शंभर घरांचा, तर चलनाच्या इतिहासाला त्याचा उपयोग होईल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथे कोरी नाणी बघा, जरूर बघा. कडीची नाणी मात्र अजून डब्यांतच आहेत, आणि डबे सध्या झपाट्यानं रिकामे होतायत. सोन्याचा भाव बघताय ना. घरात वाटणी होते, एक गिन्नी तिघांत कशी वाटणार? वितळवून.

आणखी एक. १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरातन वस्तू, ती देशाबाहेर नेता येत नाही. मुंबईच्या गिन्नीला आणि मोहरेला २०१८ मध्ये शंभर पूर्ण झाली. घरात ठेवायला काही अडचण नाही, पण कुणी म्हणालं की द्या, अमेरिकेतून ग्रेड करून आणतो, डबीत घालून, तर नाही म्हणा. आणि २०१३ च्या पुढची आय खुणेची गिन्नी कुणी मुंबईची म्हणून दाखवली तर फसू नका. रॉयल मिंटच्या परवानगीनं ती खूण परत आली, पण ती नाणी हरियाणात पाडली.

वेळ संपत आलीय, तिकडून हात दिसतोय. शेवटी कामाचं. मागच्या टेबलावर मी भिंग आणि छोटा काटा ठेवलाय. मागच्या वेळी एक ताई आल्या होत्या, त्यांनी घरून निघताना मोहर टूथपेस्टनं घासून आणली, चांगली दिसावी म्हणून. तसं करू नका. रांगोळी नाही, चिंच नाही, रिठा नाही. कडी असेल तर कडीसकट आणा, काळी पडलेली असेल तर काळीच आणा, आणि कोणी घालायचं हे आठवत असेल तर ते मागच्या वहीत लिहा. नाव नको, गाव आणि साल पुरे. सध्या वहीत सतरा नोंदी आहेत, त्यातल्या अकरांना घोडा बाहेर आहे.